नाव पायाकडं

बेंगळुरू, १६ जून २०२५

राजेश्वरीताई,

जय भीम. त्याआधी 'सप्रेम' लिहायचं राहून गेलं असं समजू नका. लिहिलं नाही.

तुमच्या धाकट्या भावानं माझ्याशी लग्न केलं त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि सोमेशच्या फोनवरून मी बोलले की ठेवून देता. म्हणून सुताच्या खोक्यात हे पत्र घालतेय. खोकं उघडल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही, एवढं मला माहीत आहे. सूत दिसलं की तुमच्या घरात कुणाचाच हात गप्प बसत नाही. सोमेश अजून हॉटेलच्या पडद्याचा धागा ओढून बघतो आणि नाक मुरडतो.

कामाचं लिहिते. आमची कंपनी चाळीस माणसांचं प्रवासी विमान तयार करतेय, सोलापूरसारख्या गावांसाठी. आज अशी विमानं जेवढं इंधन जाळतात आणि जेवढा धूर आभाळात सोडतात, ते निम्म्यावर आणायचं असा आमचा हट्ट आहे. पंख आणि इंजिन बाकीचे बघतात. माझ्याकडं आतला भाग आहे: भिंती, छत, डोक्यावरचे सामानाचे कप्पे. हे सगळं आजवर काचेच्या धाग्याच्या कापडावर चिकट राळ ओतून, दाबून करतात. ते कापड करायला भट्ट्या पेटवाव्या लागतात, आणि विमान मोडीत निघालं की ते मातीत जिरत नाही. मला त्या जागी जवसाच्या देठाच्या सुताचं कापड हवंय. जवस शेतात उगवतो, त्याला भट्टी लागत नाही.

पण हे सूत वेगवान मागावर टिकत नाही. धोट्याचे जुने, संथ माग हवेत. तसे भवानी पेठेत तुमच्या कारखान्यात आठ आहेत आणि दिवाळीत ते भंगारात जाणार आहेत, असं सोमेश म्हणाला. कापड पास झालं तर तुमचे माग वर्षानुवर्षं चालतील. नाही झालं तर भंगारवाला आहेच.

अट एकच. कापड हलकं हवं. जितकं हलकं काढाल तितकं चांगलं. जमेल का तुम्हाला?

बुद्धप्रिया


सोलापूर, २७ जून

सोमेशच्या बायकोस,

टोमणा पोचला.

तुला आमच्या उंबऱ्यावर उभं करून सोमेशनं विचारलं, अक्का, आत घेऊ का, तेव्हा 'हलक्या घरची पोरगी' असं मी म्हणाले होते. होय, म्हणाले होते. ते तू सहा वर्षं घडी घालून ठेवलंस आणि आता खोक्यात घालून मला परत पाठवलंस. हलकं काढा, जमेल का तुम्हाला? वा गं वा. शिकलेल्या माणसाचं बोलणं असं, चिमटा काढतात आणि वर काम देतात.

ऐक. आमच्या कारखान्यातून तीन पिढ्यांत हलका माल निघालेला नाही. गिऱ्हाईक चादर हातावर घेतं, तोलतं, मग भाव विचारतं. हातावर जड लागली तर ती नरसय्याची चादर. हलकी लागली तर पेठेत एकच बोललं जातं, मालकानं सूत खाल्लं. माझ्या बापाला असं कुणी बोललेलं नाही. आणि तू लिहितेस, जितकं हलकं तितकं चांगलं.

जवसाची चटणी आम्ही भाकरीबरोबर खातो. त्याच्या देठाचं विमान करायची अक्कल बेंगळुरात गेल्याशिवाय येत नसावी. भिंत कापडाची, मग दार पुठ्ठ्याचं का? आणि हवेची एवढी काळजी असेल तर उडूच नका की. होटगी रोडवरून विमान सुटायला लागल्यापासून पेठेत सगळ्यांच्या माना वर. मे महिन्यात इथं पत्र्याखाली माणसं भाजतात. तुम्ही वर गार हवेत बसून आमची हवा वाचवणार, असं का?

खोकं परत पाठवणार होते. पण कांड्या भरणाऱ्या मदिनाबीनं त्यात हात घातला. "अगं बया, केसावाणी हाय की! लई गार लागतंय हाताला," म्हणाली आणि मला न विचारता चार कांड्या भरून मोकळी झाली. आता अर्धं खोकं परत पाठवणं बरं दिसत नाही. किती हलकं ते आकड्यात लिही. शब्दात लिहू नकोस.

राजेश्वरी


बेंगळुरू, ५ जुलै

राजेश्वरीताई,

जय भीम.

आकड्यात लिहिते. चौरस मीटरला दोनशे ग्रॅम. खळ लावायची नाही, खळ असली की राळ आत मुरत नाही. गाठ नको. काठ नको. सप्टेंबर संपायच्या आत कापड माझ्या टेबलावर हवं. त्यानंतर चाचणी करणारे लोक काचेच्या कापडावर शिक्का मारतील आणि मग जवसही संपला, तुमचे मागही संपले.

आता शब्दात. मी 'हलकं' लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात वजनकाटा होता. तुमच्या डोक्यात दुसरं आलं, कारण तो शब्द तुमच्या तोंडात त्याच अर्थानं राहतो. आमच्या घरात त्याचा अर्थ वेगळा आहे. माझे वडील बुद्धभूषण एसटीच्या वर्कशॉपमधून आले की बूट काढून भिंतीला टेकायचे आणि म्हणायचे, हलकं वाटलं. आईचा ताप उतरला की ती म्हणते, अंग हलकं झालं. मी लहानपणापासून हा शब्द चांगला म्हणूनच ऐकला. तो वाईट पण असतो हे मला तुमच्या उंबऱ्यावर कळलं.

'उडू नका' हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. कमी उडा, असं मी आमच्या बैठकीतही बोलते, आणि तिथंही लोक तुमच्यासारखंच तोंड वाकडं करतात. पण लोक उडणार. तुम्ही माना वर करून बघताय ते विमान माझं ऐकून जमिनीवर थांबणार नाही. ते कमी जाळून उडावं, एवढंच माझ्या हातात आहे. विमानात घातलेला प्रत्येक किलो रोज वर चढवावा लागतो, विमान मोडीत निघेपर्यंत. तो उचलायला इंधन लागतं, आणि ते इंधन उचलायला आणखी इंधन. म्हणून आमच्याकडं सूत कमी घालणारा चोर नसतो. उगाच जास्त घालणारा चोर असतो.

तुमच्या पेठेचा काटा आणि माझा काटा उलटे आहेत. एवढं लक्षात ठेवून विणा.

बुद्धप्रिया


सोलापूर, ११ ऑगस्ट

सोमेशच्या बायकोस,

कापड पाठवलंय. उघड आणि हात फिरव. असं कापड तुझ्या कंपनीत कुणी बघितलं नसेल.

सोपं गेलं असं समजू नकोस. इथली हवा कोरडी, सूत पापडासारखं तुटत होतं. शेवटी माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जॉबरनं, मौलानं, मागाखाली ओली पोती अंथरली तेव्हा ते जरा वळायला लागलं. मौला म्हणतो, "मालकीण, ह्ये सूत न्हाय, रुसलेली सून हाय. पानी पाजल्याबिगर वळंना." मी त्याला गप्प केलं. सून हा शब्द आमच्या कारखान्यात चालत नाही.

दोनशे मागितलंस, दोनशे साठ दिलंय. वरचे साठ आमच्याकडून. नरसय्याच्या कारखान्यानं विमानाला पण सूत कमी घातलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. काटा उलटा वगैरे मी वाचलं. पण मापात देऊन हात आखडायची आमची रीत नाही, आणि ती तुझ्या एका पत्रानं बदलणार नाही.

काठावर नाव विणलंय, नेहमीसारखं. नायनांचे डोळे गेल्यापासून ते प्रत्येक कापडाच्या काठावर बोट फिरवून स्वतःचं नाव वाचतात. नाव लागलं की म्हणतात, उतरवा. नाही लागलं तर मागापासून हलत नाहीत. आंधळ्या बापाशी मी भांडू का तुझ्या ग्रॅमसाठी?

आता सांग, जमलं का आम्हाला?

राजेश्वरी


बेंगळुरू, २० ऑगस्ट

राजेश्वरीताई,

नाही जमलं.

कापड नापास झालं. वजनावरच झालं असतं, तरी मी हट्टानं राळ ओतून पॅनेल दाबलं, वाटलं निदान ताकद दिसू दे. वाकवल्यावर ते फुटलं. कुठं फुटलं ते ऐका. तुमच्या वडिलांच्या नावावर. अक्षरांपाशी धागे दाट, तिथं राळ मुरली नाही, आणि 'न' पासून निघालेली चीर 'य्या' पर्यंत सरळ गेली. सगळी टीम बघत होती. एकानं विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांचं नाव. पहिल्यांदाच हा शब्द मी कुणासमोर उच्चारला, आणि तोही भेगेकडं बोट दाखवून.

साठ ग्रॅम आमच्याकडून, असं तुम्ही मोठ्या मनानं लिहिलंत. कुणी मागितले होते? न मागता द्यायचं आणि मागितलेलं द्यायचं नाही, ही तुमच्या घराची जुनी खोड आहे. तुमच्याकडं लग्न झालं की नवऱ्यानवरीच्या नावाची चादर मागावर चढते, असं सोमेशनं मला लग्नाआधी कौतुकानं सांगितलं होतं. आमच्या नावाची चढली नाही. मी त्यासाठी रडले नाही, तो रडला.

आता निघालंच आहे तर तुम्हाला एक सांगते. तुमच्या कारखान्याची चादर आमच्या घरात आहे. माझ्या आईनं, केसरबाईनं, लग्न ठरलं तेव्हा हौसेनं आणली होती, व्याह्यांच्या हातची म्हणून. नावाचा काठ डोक्याकडं घ्यायचा असतो, हे सोलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही उंबऱ्यावर बोललात त्या दिवसापासून माझे बाबा ती चादर नाव पायाकडं करून पांघरतात. फेकत नाहीत, कारण कापड चांगलं आहे.

बुद्धप्रिया


सोलापूर, २९ ऑगस्ट

बुद्धप्रिया,

पायाकडं? माझ्या बापाचं नाव?

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलंय. फाडलेल्यांत जे होतं ते तुझ्या बापानं वाचलं असतं तर चादर फेकून दिली असती. नायनांनी तुझ्या घराला एक शब्द बोललेला नाही. बोलले ते मी. पाय लावायचे तर मला लावा. त्या माणसानं आयुष्यभर काठावर नाव विणलं ते लोकांनी डोक्याशी घ्यावं म्हणून.

कापड फुटलं हे मी नायनांना सांगितलेलं नाही. कापड छोटं पडलं, आणखी हवंय, असं सांगितलंय. परवा भंगारवाला येऊन मागांची मापं घेऊन गेला. नायना चार नंबरच्या मागाच्या फळीवर जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मदिनाबी म्हणाली, "मालक, उटा की, भाकर थंड व्हाय लागलीय." त्यांनी विचारलं, कोण आलं होतं? मी म्हटलं, विमानवाले. मग ते उठले आणि जेवले. खोटं बोलले तेही तुझ्या जिवावर, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

दोनशे ग्रॅमात काढते. साठ ग्रॅम सोडले. पण नावाचं काय करू ते तूच सांग. कोरा काठ हाताला लागला की ते माग थांबवतात, आणि नाव विणलं की तुझं विमान फुटतं. तुझं शिक्षण काय म्हणतं यावर?

सूत पाठव.

राजेश्वरी


बेंगळुरू, ४ सप्टेंबर

राजेश्वरीताई,

जय भीम.

सूत पाठवलंय. हे शेवटचं. आता चुकलं तर मला दुसरा माग नाही आणि तुम्हाला दुसरी संधी नाही.

नावाचं. पॅनेल करताना आम्ही कापडाच्या कडा चार बोटं छाटून टाकतो. ती पट्टी विमानात जात नाही, वजनातही धरत नाही. त्या चार बोटांत काय विणायचं ते विणा. तुमच्या वडिलांच्या बोटांना काठ लागेल आणि विमानाला लागणार नाही.

मात्र छाटलेली पट्टी केराच्या टोपलीत जाते. हे आधीच सांगते, नंतर म्हणू नका. त्यापेक्षा पाय बरे, असं वाटेल तुम्हाला.

बुद्धप्रिया


सोलापूर, २३ सप्टेंबर

बुद्धप्रियास,

कापड पाठवलंय. एकशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम भरलं. दोन ग्रॅम मी खाल्ले, सांग सगळ्यांना.

या वेळी ओली पोती दुप्पट अंथरली आणि माग अजून संथ केला. इतका संथ की मौला म्हणाला, "पाव्हणं जेवून जातील तवर एक धोटा जाईल." खळ नाही, गाठ नाही. मधलं कापड उजेडाला धरलं की पलीकडचा माणूस दिसतो. असं कापड आमच्या मागावर निघालं हे पेठेत कुणाला सांगायची माझी छाती नाही.

आता पट्टीचं. केराच्या टोपलीत जायला मी माझ्या बापाचं नाव विणणार नाही. पायाकडं गेलं ते पुष्कळ झालं. कोरी सोडली तर नायना माग थांबवणार. म्हणून तुझं नाव घातलंय. तुझी पट्टी, तुझं नाव, तूच काप आणि तूच फेक.

काठावर अक्षरं उठवणारे जॅकार्डचे पुठ्ठे मी स्वतः छेदले. 'बु' सरळ आला. 'द्ध' आणि 'प्रि' नं दमवलं, ढीगभर पुठ्ठे वाया घालवले. कसलं नाव ठेवलंय गं आईबापानं. सीता, गीता ठेवलं असतं तर माझी एक दुपार वाचली असती.

नायना आले. बोट फिरवलं. 'बु' वर थांबले. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी बोट परत मागं नेलं आणि पहिल्यापासून सावकाश फिरवलं, शेवटपर्यंत. मग तेलुगूत म्हणाले, "कोडलि पेरु?" सुनेचं नाव? तेवढ्यात मौलानं तोंड घातलंच, "व्हय मालक, धाकट्या मालकिणीचं." नायनांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि म्हणाले, द्ध दाट आलाय, पुढच्या वेळी एक धागा सोड. मग म्हणाले, उतरवा.

'पुढच्या वेळी' हे ते मागाला धरून बोलले की तुला धरून, मला विचारू नकोस. मी त्यांना विचारलं नाही.

भंगारवाला दिवाळीच्या पाडव्याला टेम्पो आणणार आहे. पास की नापास, तेवढं लवकर कळव.

राजेश्वरी


बेंगळुरू, १२ ऑक्टोबर

राजेश्वरीताई,

जय भीम.

पास.

वाकवलं, दाबलं, भिजवलं, ज्योतीवर धरलं. कुठं चीर गेली नाही. काचेच्या कापडापेक्षा पॅनेल हलकं भरलं, आणि शिक्का जवसावर बसला. भंगारवाल्याला सांगा, टेम्पो आणू नको. पाडव्याला सुताची गाडी येईल, तिला वाट मोकळी ठेवा. आठही माग लागतील. मापाला दोन ग्रॅम कमी चालतात, जास्त चालत नाहीत, हे आता तुम्हाला पुन्हा सांगायला नको.

तुमच्या उंबऱ्यावर मी येणार नाही. काम पत्रानंच चालेल, आजवर चाललं तसं. तुम्ही मला तेव्हा जे म्हणालात ते म्हणालात. ते कापड पास झाल्यानं पुसत नाही, आणि मला ते पुसायचंही नाही.

पट्टी कापली, चार बोटं, सांगितल्याप्रमाणे. टाकली नाही, कारण माझं नाव मी केरात टाकत नाही. तुम्ही ते ओळखूनच विणलंत की काय, हा विचार मी करत नाही. दसऱ्याला सोमेश माझ्या आईबाबांकडं गेला होता, त्याच्याबरोबर ती दिली. नुसती बघायला म्हणून.

काल आईचा फोन आला. बाबांनी ती चादर काढली आणि पट्टी स्वतः सुईदोरा घेऊन वरच्या काठाला शिवली. तुमच्या वडिलांचं नाव पायाकडंच आहे. ते त्यांनी हलवलेलं नाही. डोक्याकडं माझं आहे.

आई त्यांना म्हणाली, "अवो, चादर जड झाली की."

बाबा म्हणाले, "होऊ दे. आपल्याला कुटं उडायचंय."

नायनांना सांगा, मीही बोट फिरवून बघितलं. द्ध दाट नाही.

बुद्धप्रिया